टेरन्स डिक्स : न पाहिलेल्या मालिकेचा कादंबरीकार

जुनीपाने

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग लागत, त्या काळातली, साधारण १९८६ सालची ही गोष्ट आहे. शाळेतून घरी जाताना वडिलांनी मला त्या ढिगातून एक पुस्तक निवडू दिले. मी सर्वांत पातळ पुस्तक उचलले, कारण माझे इंग्रजी बेताचे होते आणि जाड पुस्तक पुरे होणार नाही अशी भीती वाटत होती. मुखपृष्ठावर डालेक नावाचे पोलादी यंत्र होते, कोपऱ्यात नेमबाजीच्या वर्तुळांचे छोटेसे चिन्ह होते आणि लेखकाचे नाव होते टेरन्स डिक्स. पहिल्याच वाक्यात उद्ध्वस्त शहरातून उद्ध्वस्त झालेला एक माणूस चालत येतो. मूळ इंग्रजीत शहरासाठी आणि माणसासाठी एकच शब्द दोनदा वापरलेला आहे, आणि त्या एका पुनरुक्तीने माणसाचे काय झाले असेल हे सांगण्याची गरजच उरत नाही. काही ओळींतच तो माणूस थेम्स नदीच्या पाण्यात स्वतःला लोटून देतो. माझ्या बेताच्या इंग्रजीला हे सगळे समजले, आणि पान उलटल्यावाचून मला राहवेना.

ते पुस्तक बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेतील १९६४ च्या एका सहा भागांच्या कथेवर बेतलेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मी मालिका पाहिलेली नव्हती. काळातून आणि अवकाशातून भटकणारा डॉक्टर म्हणजे कोण, त्याची निळी पेटी आतून बाहेरपेक्षा मोठी कशी, हे सर्व मला डिक्स यांच्या वाक्यांतूनच ठाऊक झाले. पुढच्या चार वर्षांत त्याच फूटपाथवरून मी त्यांची तेरा पुस्तके जमवली, आणि पडद्यावरचे पहिले दृश्य पाहायला मिळाले तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. म्हणून या धाग्यात मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. मालिकेवर बेतलेल्या कादंबऱ्यांकडे आपण पडद्याची सावली म्हणून पाहतो. परंतु ज्याने पडदा पाहिलेलाच नाही अशा वाचकापुढे ती कादंबरी स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते, आणि डिक्स यांची पुस्तके तशी उभी राहतात. यामागचे कसब काय आहे, याची चर्चा व्हावी असे वाटते.

प्रथम त्यांच्या कारकिर्दीविषयी. टेरन्स डिक्स यांचा जन्म १९३५ मध्ये पूर्व लंडनमधील ईस्ट हॅम येथे झाला. केंब्रिजच्या डाउनिंग महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. एफ. आर. लीव्हिस हे समीक्षक त्या काळी तिथेच शिकवत असत, आणि थोर साहित्य कशाला म्हणावे याविषयीची त्यांची कसोटी अतिशय कडक होती. पदवीनंतर सक्तीची लष्करी सेवा झाली, मग जाहिरातसंस्थेत मजकूर लिहिण्याची नोकरी. माझ्या मते ही नोकरी महत्त्वाची ठरली, कारण कमीत कमी शब्दांत वाचकाच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी करण्याचा सराव त्यांना तिथे रोज करावा लागला असणार. पुढे ते माल्कम हल्क या पटकथाकाराच्या घरी भाडेकरू म्हणून राहिले, आणि हल्क यांनी त्यांना ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश हेरमालिकेच्या लेखनात सोबत घेतले. घरमालकाने भाडेकरूला धंद्याला लावले, आणि ही मैत्री पुढे दोघांनाही फळली.

१९६८ मध्ये डिक्स ‘डॉक्टर हू’मध्ये साहाय्यक संहिता संपादक म्हणून आले. पुढच्याच वर्षी ठरलेल्या संहिता कोसळल्या आणि हंगामाच्या अखेरीस दहा भागांची जागा रिकामी राहिली. डिक्स आणि हल्क यांनी मिळून अतिशय घाईत ‘द वॉर गेम्स’ लिहून ती भरून काढली. डॉक्टर ज्या लोकांतून पळून आला त्यांना ‘टाइम लॉर्ड’ हे नाव प्रथम याच कथेत मिळाले. त्यानंतर १९७४ पर्यंत, निर्माते बॅरी लेट्स यांच्या जोडीने, मालिकेच्या संहितांची सारी जबाबदारी डिक्स यांच्याकडे होती.

कादंबरीकार डिक्स यांचा जन्म मात्र एका व्यावहारिक अडचणीतून झाला. ‘टार्गेट’ ही मुलांसाठीची स्वस्त पुस्तकांची नवी माला १९७३ मध्ये सुरू होत होती. तिचे संपादक रिचर्ड हेनवूड यांनी साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या तीन कादंबऱ्या पुन्हा छापल्या, त्या हातोहात खपल्या, आणि नव्या कोण लिहील अशी विचारणा करत ते बीबीसीच्या कार्यालयात आले. मी लिहितो, असे डिक्स यांनी सांगून टाकले. तोवर त्यांनी एकही कादंबरी लिहिलेली नव्हती. जानेवारी १९७४ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. रॉबर्ट होम्स यांच्या १९७० च्या पटकथेवर बेतलेल्या या पुस्तकात दुकानातले प्लॅस्टिकचे पुतळे काचा फोडून रस्त्यावर उतरतात. त्यानंतर १९९० पर्यंत या मालेसाठी त्यांनी साठाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे संपूर्ण मालेतील सुमारे दोन पंचमांश पुस्तके एकट्या त्यांची आहेत.

त्या काळी एकदा प्रसारित झालेला भाग पुन्हा पाहायला मिळण्याची शाश्वती नव्हती. पुनःप्रसारण क्वचित होई, आणि या मालिकेची पहिली अधिकृत व्हिडिओ कॅसेट बाजारात आली ती थेट १९८३ मध्ये. शिवाय बीबीसीने साठच्या दशकातील कितीतरी ध्वनिचित्रफिती जागा आणि पैसा वाचवण्यासाठी पुसून टाकल्या, आणि त्यामुळे मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही उपलब्ध नाहीत. त्यामुळे ब्रिटनमधल्या मुलांसाठीसुद्धा त्या कथांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता छापील पानावरूनच जात होता. फूटपाथवर पुस्तक उचलणारा मी आणि लंडनमधला माझ्याच वयाचा मुलगा, जुन्या कथांच्या बाबतीत आम्ही दोघे एकाच जागी उभे होतो.

इथे कोणी ही पुस्तके वाचली असतील, किंवा मालिकांवर आणि चित्रपटांवर बेतलेल्या कादंबऱ्यांविषयी ज्यांची वेगळी मते असतील, त्यांनी अवश्य लिहावे.

तळटीप

धागा आवडला, मात्र मुख्य मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. डिक्स यांची १९७४ ते १९७६ या काळातील पुस्तके आणि त्यानंतरची पुस्तके यांत फरक केला पाहिजे. सुरुवातीला ते प्रसंगांना पूर्वपीठिका देत, पात्रांच्या मनात डोकावत. आपण उल्लेख केलेल्या पहिल्या कादंबरीच्या आरंभी डॉक्टरवरचा खटला आणि त्याची पृथ्वीवरची हद्दपारी यांचे स्वतंत्र प्रकरण आहे, ते मूळ पटकथेत नव्हते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मात्र कधी कधी महिन्याला एक पुस्तक हातावेगळे करण्याची वेळ आली, आणि त्यांतल्या काही पुस्तकांत संवाद जसेच्या तसे उतरवून मध्ये ‘तो म्हणाला’, ‘ती धावली’ एवढेच जोडलेले दिसते. ज्या वाचकाने मालिका पाहिली आहे त्याला आठवणीची खूण म्हणून ते पुरेसे असेल. परंतु न पाहिलेल्या वाचकाचा जो निकष आपण लावत आहात, त्यावर ही पुस्तके कितपत उतरतील याविषयी मला शंका आहे.

माल्कम हल्क यांच्याशी तुलना करून पाहा. डिक्स यांच्या पहिल्या कादंबरीबरोबरच, जानेवारी १९७४ मध्येच, हल्क यांची सरीसृपांवरची कादंबरी प्रसिद्ध झाली. डॉक्टरला पृथ्वीवर डांबून ठेवल्यामुळे आता फक्त दोनच प्रकारच्या कथा शक्य आहेत, एक तर माथेफिरू शास्त्रज्ञ आणि दुसरी परग्रहावरून स्वारी, अशी तक्रार हल्क यांनी डिक्स यांच्यापाशी केली होती. त्यातूनच पृथ्वीवर माणसाच्या आधीपासून राहणाऱ्या, भूगर्भात निद्रिस्त असलेल्या प्राण्यांची कल्पना पुढे आली. पटकथेत त्या प्राण्यांना वैयक्तिक नावे नाहीत. कादंबरीत हल्क त्यांना नावे देतात, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याची आणि तरुणाची भांडणे दाखवतात, आणि पुस्तकाची सुरुवातच लाखो वर्षांपूर्वी झोपी जाणाऱ्या त्या प्राण्यांच्या बाजूने करतात. हल्क डाव्या विचारांचे होते, आणि जमीन मुळात कोणाची हा प्रश्न त्यांनी मुलांच्या पुस्तकात अत्यंत गांभीर्याने विचारला. या अर्थाने हल्क यांनी पटकथेच्या पलीकडे जाऊन कादंबरी लिहिली, आणि डिक्स यांनी पटकथा नीट पोहोचवली. पोहोचवणे हेही काम आहे, पण ते वेगळे काम आहे.

जुनीपाने

तळटीप, आपला प्रतिसाद मनापासून आवडला, आणि हल्क यांच्या त्या पुस्तकाविषयी आपण म्हणता ते अक्षरशः खरे आहे. काही पुस्तके घाईने लिहिलेली आहेत हेही मान्य करतो. माझ्याकडच्या तेरांपैकी तीन तशी आहेत आणि ती मी दुसऱ्यांदा वाचलेली नाहीत.

मात्र ‘पोहोचवणे’ हे काम किती अवघड आहे, हे दाखवणारे एक उदाहरण देतो. रॉबर्ट होम्स हे या मालिकेचे सर्वोत्तम पटकथाकार होते असे बहुतेक जाणकार मानतात, आणि मीही मानतो. १९७३ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्यांच्या मध्ययुगीन कथेचे कादंबरीरूप त्यांनी स्वतः करायला घेतले. आरंभीचे प्रास्ताविक लिहून झाल्यावर त्यांना हे काम आपले नव्हे असे वाटले आणि त्यांनी ते डिक्स यांच्याकडे सोपवले. बाकीचे पुस्तक डिक्स यांनी पुरे केले आणि ते १९७८ मध्ये निघाले. कथा होम्स यांची, पात्रे त्यांची, संवादही त्यांचे. तरीही ते पानावर आणण्यासाठी वेगळा हात लागला. पटकथेत नट आवाजाच्या चढउताराने जे सांगतो, संगीत जे सुचवते, प्रकाश जे लपवतो, ते सर्व कादंबरीकाराला साध्या विधानांत आणावे लागते, आणि तेही वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला कुठेही अडखळू न देता.

या दोघांच्या मैत्रीतली देवाणघेवाणही लक्षात घेण्यासारखी आहे. ऐतिहासिक कथा होम्स यांना नको असताना डिक्स यांनी संपादक या नात्याने ती त्यांच्याकडून लिहून घेतली. पुढे होम्स संपादक झाले आणि डिक्स यांची रक्तपिपासू पिशाच्चांवरची संहिता ऐन वेळी बाजूला ठेवावी लागली, कारण बीबीसी त्याच सुमारास ‘ड्रॅक्युला’ची भव्य निर्मिती करत होती. तेव्हा होम्स यांनी डिक्स यांना दीपगृहावर कथा लिहायला सांगितले. डिक्स यांना दीपगृहाची काहीही माहिती नव्हती, आणि तरीही १९७७ ची ती धुक्यातली, एकाच इमारतीत कोंडलेली कथा त्यांच्या उत्कृष्ट पटकथांपैकी एक ठरली. पिशाच्चांची संहिता वाया गेली नाही, ती १९८० मध्ये नव्या रूपात पडद्यावर आली.

त्याआधीचा एक प्रसंग तर मला फार बोलका वाटतो. १९७६ च्या एका कथेत डिक्स यांच्या मूळ संहितेत होम्स यांनी इतके बदल केले की डिक्स यांनी स्वतःचे नाव काढून घेतले आणि एखादे अगदी निर्गुण टोपणनाव घालावे असे सुचवले. म्हणून श्रेयनामावलीत ‘रॉबिन ब्लँड’ असे नाव आले. पण त्या कथेवरची कादंबरी लिहायची वेळ आली तेव्हा डिक्स यांनी आपली मूळ कल्पना परत न आणता होम्स यांनी बदललेली, प्रेक्षकांनी पाहिलेली कथाच निष्ठेने लिहिली, आणि त्या पुस्तकावर मात्र स्वतःचे नाव दिले. दुसऱ्याच्या कथेला, अगदी नाराजीतून घडलेल्या कथेलाही, पूर्ण न्याय देण्याची ही वृत्ती मला त्यांच्या गद्याच्या मुळाशी दिसते.

मुद्रितशोधक

मी व्यवसायाने अनुवादक आणि मुद्रितशोधक आहे, त्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे गेले. हा धागा वाचून मी डिक्स यांची दोन पुस्तके मिळवली. त्यांच्या लेखनातील ठरीव शब्दप्रयोगांविषयी लिहितो, कारण त्यांना अनेकजण दोष मानतात.

डॉक्टरची निळी पेटी प्रकट होते किंवा अदृश्य होते तेव्हा येणाऱ्या आवाजासाठी डिक्स बहुतेक पुस्तकांत तीच दोन विशेषणे वापरतात. मराठीत सांगायचे तर तो आवाज धापा टाकणारा आणि कण्हणारा आहे. मालिकेत डॉक्टरचे रूप आणि नट बदलत जातात, म्हणून त्यांना क्रमांकाने ओळखतात. तिसऱ्या डॉक्टरचा चेहरा एकाच वेळी तरुण आणि वृद्ध दिसणारा, पाचव्या डॉक्टरचा चेहरा प्रसन्न आणि मोकळा, डॉक्टरचे खिसे प्रशस्त. ही वर्णने पुस्तकागणिक जशीच्या तशी येतात. आपल्याकडे श्रावणातली कहाणी ‘आटपाट नगर होतं’ अशीच सुरू होते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा कंटाळा येत नाही. उलट ते शब्द कानावर पडले की पाटावर सावरून बसायचे, हे मुलांना कळते. डिक्स यांचे ठरीव शब्द हेच काम करतात. एखाद्या मुलाने चाळिसाव्या क्रमांकाचे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतले तरी एका ओळीत डॉक्टर त्याच्यापुढे उभा राहतो, आणि ज्याने आधीची एकोणचाळीस वाचली आहेत त्याला घरी आल्यासारखे वाटते.

कहाणीचाच आणखी एक धागा इथे जुळतो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण करायची, ही आपल्याकडची जुनी कला आहे. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे सहा भाग सव्वाशे पानांत बसवायचे तर काय गाळायचे हे ठरवावे लागते. मी वाचलेल्या दोन्ही पुस्तकांत पाठलाग आणि सुटका यांचे प्रसंग झपाट्याने आटोपलेले आहेत, मात्र भीतीच्या आधीचा क्षण, म्हणजे दार उघडण्यापूर्वीची शांतता, पुरेसा वेळ घेऊन लिहिलेला आहे. वाक्ये लहान असली तरी तुटक नाहीत; क्रियापदे नेमकी आहेत; एका परिच्छेदात एकच घटना घडते. मुद्रितशोधकाला अशा मजकुरात हात घालायला जागा सापडत नाही.

थेम्सकाठी

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहते. माझ्या मुलाला वाचनाची अजिबात गोडी नव्हती, आणि इथल्या सार्वजनिक वाचनालयातल्या एका ग्रंथपाल बाईंनी त्याच्या हातात डिक्स यांचे जुने पुस्तक ठेवले. त्या स्वतः लहानपणी याच पुस्तकांवर वाचायला शिकल्या होत्या. पुस्तकाच्या आतल्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के दाटीवाटीने मारलेले होते, आणि शिक्क्यांसाठी चिकटवलेला कागद भरल्यामुळे त्यावर दुसरा कागद डकवलेला होता. डिक्स यांच्या वाचकांची गणना करायची झाली तर मला तो कागद आठवतो.

‘न पाहिलेली मालिका’ या मुद्द्यात एक भर घालते. लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरतात, ती १९६८ ची सहा भागांची कथा पुसली गेली होती आणि तिचा फक्त पहिला भाग शिल्लक होता. डिक्स यांची त्यावरची कादंबरी १९७६ मध्ये आली. त्यानंतर सदतीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्यातले चार भाग नायजेरियात सापडल्याचे जाहीर झाले. एक संपूर्ण पिढी कादंबरीतून ओळखत असलेली कथा पडद्यावर पाहायला बसली.

या कथेत कर्नल लेथब्रिज-स्टुअर्ट हे पात्र प्रथम येते, जे पुढे डॉक्टरचे जन्माचे मित्र झाले. पडद्यावर त्या दोघांची पहिली भेट दाखवलेलीच नाही, ती दोन प्रसंगांच्या मध्ये कुठेतरी घडून गेलेली असते, कारण हे पात्र पुढे इतके मोठे होईल याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. कादंबरी लिहिताना डिक्स यांना ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी भुयारातल्या अंधारात ती भेट स्वतः लिहिली, आणि स्टॅनले व लिव्हिंगस्टन या प्रवाशांच्या आफ्रिकेतील भेटीइतकीच ती ऐतिहासिक असल्याचे, मात्र त्या दोघांना याची जाणीव नसल्याचे, नमूद केले. ज्या भागात कर्नल प्रथम दिसतात तो तिसरा भाग २०१३ मध्ये सापडला नाही. तळटीप यांच्या मुद्द्याला माझ्याकडून हे उत्तर आहे. पटकथेच्या पलीकडे कुठे जायचे हे डिक्स यांना नेमके कळत होते, आणि तेवढ्याच जागी ते जात असत.

वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलांसाठी १९८० मध्ये त्यांनी आपल्याच दोन कादंबऱ्या आणखी सोप्या करून लिहिल्या, हेही इथे सांगितले पाहिजे. माझ्या मुलाने त्यांपैकी एक आणि तिची मूळ कादंबरी अशी दोन्ही वाचली, आणि मोठीत काय जास्त आहे याची यादी करून मला दाखवली.

तळटीप

थेम्सकाठी, कर्नलच्या भेटीचा मुद्दा मला मान्य आहे. हे उदाहरण माझ्या लक्षात आले नव्हते.

तरी एक प्रश्न उरतो, आणि तो मला खराच अस्वस्थ करतो. डॉक्टर बीबीसीचा आणि डालेक ते निर्माण करणारे लेखक टेरी नेशन यांचे, म्हणजे त्यांच्या परवानगीवाचून डालेकांवर ओळही लिहिता येत नसे. मग डिक्स यांचे स्वतःचे काय? त्यांनी किशोरांसाठी स्वतंत्र लेखन पुष्कळ केले. १९७६ च्या सुमारास कॅनडाच्या घोडदळी पोलिसांवर तीन साहसकथा लिहिल्या. १९७८ पासून आधुनिक लंडनमधल्या चार मुलांच्या रहस्यकथांची दहा पुस्तकांची माला लिहिली, जिचे नाव बेकर स्ट्रीटवरच्या शेरलॉक होम्स या प्रसिद्ध गुप्तहेराला मदत करणाऱ्या पोरांवरून घेतलेले आहे. अंतराळावरची तीन पुस्तके, भुतांच्या गोष्टी, लहान मुलांसाठी कुत्र्याच्या आणि खेळण्यातल्या अस्वलाच्या गोष्टी, असे कितीतरी. आज ही पुस्तके सहजासहजी मिळत नाहीत. त्यांच्या निधनानंतर २०२१ मध्ये त्यांचे निवडक लेखन दोन खंडांत निघाले, तेही ‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्यांचेच. ज्या लेखनावर लेखकाचा संपूर्ण हक्क होता ते विस्मरणात गेले आणि ज्यावर नव्हता ते टिकले. अशा कारकिर्दीकडे कसे पाहावे?

जुनीपाने

हा प्रश्न माझ्याही मनात अनेकदा आला आहे. बेकर स्ट्रीट मालेतली दोन पुस्तके मी वाचली आहेत, आणि ती चांगली आहेत. पोरे हुशार आहेत, लंडनचे रस्ते खरे वाटतात, गुन्हे मुलांना झेपतील असे आहेत. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर डॉक्टरच्या पुस्तकांत जी ओढ आहे ती त्यांत मला जाणवली नाही. दुसऱ्याने उभारलेल्या घरात राहूनच ज्यांचे उत्तम काम होते असे कलावंत असतात, आणि त्यात उणेपणा काही नाही. बंदिश दुसऱ्याची असली तरी गाणे गाणाऱ्याचे असते, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

शिवाय डॉक्टर फक्त बीबीसीचा, असेही पूर्णपणे म्हणता येत नाही. सत्तरच्या दशकात मालिकेच्या निर्मितीवर लिहिताना डिक्स यांनी डॉक्टरविषयी एक साधे विधान केले होते, की तो कधीही क्रूर नसतो आणि कधीही भ्याड नसतो. २०१३ मध्ये मालिकेला पन्नास वर्षे झाली तेव्हाच्या विशेष भागात डॉक्टर या नावाचा अर्थच ते शब्द वापरून सांगितला गेला, एका प्रतिज्ञेच्या रूपात. तो भाग लिहिणारे स्टीव्हन मोफॅट आणि त्यांच्या आधी मालिका पुन्हा उभी करणारे रसेल टी. डेव्हिस हे दोघेही टार्गेटची पुस्तके वाचत मोठे झाले. २०१८ मध्ये ही माला पुन्हा सुरू झाली तेव्हा दोघांनीही आपापल्या पटकथांवर कादंबऱ्या लिहिल्या. हक्क कायद्याने ज्याचे असतील त्याचे असोत; डॉक्टरचा स्वभाव कसा असतो हे मात्र डिक्स यांनी ठरवले.

मधल्या काळाविषयी थोडे लिहितो. ऐंशीच्या दशकात ते बीबीसीच्या रविवारच्या अभिजात मालिकांचे आधी संहिता संपादक आणि मग निर्माते होते. १९८५ चे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आणि १९८७ चे ‘व्हॅनिटी फेअर’ ही त्यांची निर्मिती आहे. लीव्हिस यांच्या महाविद्यालयातला विद्यार्थी डिकन्स आणि थॅकरे यांच्याकडे असा, पडद्याच्या वाटेने परतला. ‘डॉक्टर हू’ १९८९ मध्ये थांबली. तिच्या पुढच्या स्वतंत्र कादंबऱ्या निघू लागल्या तेव्हा १९९१ मध्ये डिक्स यांनी नाझींनी जिंकलेल्या ब्रिटनवर एक प्रौढांसाठीची कादंबरी लिहिली. मला ती त्यांची सर्वांत भरीव स्वतंत्र कादंबरी वाटते, कारण तिथे कथेचा सांगाडाही त्यांचाच आहे आणि वेगही तोच आहे. १९९७ मध्ये आठही डॉक्टरांना एकत्र आणणारी त्यांची कादंबरी मात्र फसली. जुन्या आठवणींची उजळणी करण्यात ती अडकून पडते, आणि त्या काळच्या चाहत्यांनी तिच्यावर केलेली टीका मला रास्त वाटते.

२००७ आणि २००८ मध्ये त्यांनी नव्या डॉक्टरवर लिहिलेली दोन छोटी पुस्तके वाचनाची सवय नसलेल्या प्रौढांसाठीच्या एका उपक्रमातून निघाली. वयाच्या बहात्तराव्या वर्षीही पानावर अडखळणाऱ्या वाचकासाठी लिहायला तेच सर्वांत योग्य ठरले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांची शेवटची डॉक्टरकथा त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एका संग्रहात आली. तिचा नायक दुसरा डॉक्टर आहे, म्हणजे १९६८ मध्ये ते या मालिकेत आले तेव्हा जो होता तोच.

मुद्रितशोधक

एवढी चर्चा झाल्यावर मी जुनीपाने यांनी सांगितलेल्या त्या पहिल्या वाक्याचा अनुवाद करून पाहिला, केवळ हात कसा चालतो ते पाहण्यासाठी. मूळ वाक्यात एकच नाम शहराला आणि माणसाला लावलेले आहे, आणि माणसाच्या चालीसाठी शिकारी जनावराला शोभेल असे क्रियापद आहे. ‘उद्ध्वस्त’ शहराला शोभतो, पण माणसाला लावला की वाक्य वर्तमानपत्री होते. ‘भग्न’ मूर्तीला किंवा देवळाला लागतो आणि संस्कृताकडे झुकतो. दहा वर्षांचे मूल तिथे थांबेल. ‘पडीक’ने अर्थच बदलतो. आज सकाळी ‘उजाड’ सुचला. गाव उजाड होते आणि माणसाचा चेहराही उजाड दिसतो, दोन्ही वापर घरातले आहेत. ‘उजाड नगरातून एक उजाड माणूस चालत होता.’ क्रियापद अजून मनासारखे मिळालेले नाही, कारण डालेकांनी यंत्र बनवलेल्या त्या माणसातले यंत्र ‘चालत होता’ने दिसत नाही आणि ‘दबकत’ म्हटले की तो चोर वाटतो.

जुनीपाने

‘उजाड’ अगदी योग्य आहे. माझ्या प्रतीत त्या वाक्याखाली माझ्या वडिलांनी पेन्सिलने एक बारीक रेघ मारलेली आहे, ती मी वाचण्याआधी मारली की नंतर हे मला कधीच विचारता आले नाही. क्रियापदासाठी ‘ताठ पावले टाकत येत होता’ असे करून पाहाल का? कळसूत्री बाहुलीसारखी ती पावले आहेत, असे मला त्या वयात वाटले होते.

मुद्रितशोधक

‘उजाड नगरातून एक उजाड माणूस ताठ पावले टाकत येत होता.’ शिकारी जनावर यात थोडे हरवते, पण यंत्र पुरते दिसते. हे ठेवतो. नदीपर्यंतचा परिच्छेद रविवारपर्यंत पुरा करून इथेच देईन.